उष्टा चहा

दवाखान्याच्या तपासणी-खिडकीवरच्या शिवलीलाबाईंनी ती प्लास्टिकची छोटी बाटली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा डावा गुडघा दुखला. बाटलीचा आणि गुडघ्याचा काही संबंध नाही हे मला कळतं, मी अगदीच खुळा नाही. पण गुडघ्याला ते कळत नाही. त्याची स्मरणशक्ती वेगळी आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे. "पावणं, रेघंपतूर भरा," बाई म्हणाल्या, "साडेबाराला खिडकी बंद. आज शेवटचा दिवस हाय, ठावं हाय न्हवं?" ठाऊक होतं. पाणीपुरवठा खात्याच्या यादीत माझं नाव लागलं होतं. कागदावर व्हॉल्व्हमन, लोकांच्या भाषेत चावीवाला. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी गल्लोगल्ली पाणी सोडत फिरणारा. नोकरीच्या मेडिकलला छाती फुगवून दाखवून झाली होती, डोळे तपासून झाले होते. उकिडवं बसायला सांगितल्यावर गुडघा वाजला होता आणि डॉक्टरांनी तो ऐकू न आल्यासारखं केलं होतं; बहुतेक फुटबॉल बघणारे, मला ओळखणारे असावेत. आता एवढी लघवीची बाटली उरली होती. ती भरून दिली की रिपोर्ट, रिपोर्टवर शिक्का, आणि बत्तिसाव्या वर्षी का होईना, कायमची नोकरी. नाही दिली तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणं जाणार होतं.

दवाखान्याच्या मुतारीला कडी नव्हती, कडीच्या जागी सुतळी होती. ती खिळ्याला तीन वेढे देऊन बांधली, वाहत्या पाण्याच्या आवाजानं येते म्हणतात म्हणून नळ थोडा सोडून ठेवला आणि उभा राहिलो. अकरा चाळीस. नळ आपलं काम करत होता, मी माझं करत नव्हतो. अख्ख्या वॉर्डाला पाणी सोडायला निघालेला माणूस आणि इथं त्याचं स्वतःचं घोटभर सुटत नव्हतं. हे काही आजचं नाही. बाहेर कोणीतरी वाट बघतंय एवढं कळलं तरी माझं बंद होतं. सिनेमाच्या मध्यंतरात मी सगळ्यांच्या शेवटी जातो, त्यामुळे मध्यंतरानंतरची पहिली दहा मिनिटं मला नेहमी दुसऱ्यांकडून ऐकावी लागतात. आणि आज तर बाहेर बाकावर आई बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. माझ्या आईला, आक्काताईला, बोलावणं लागत नाही. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी वाळवंटात मेडिकलला गेलो असतो तरी तिथं एक बाक निघाला असता आणि त्यावर ती बसली असती.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जन्मलेल्या पोराला आधी बॉल ओळखू येतो, मग नातेवाईक. मला तर बॉलनंच ओळखलं असं लोक म्हणायचे. मी डाव्या पायाचा. उजव्या पायानं मी फक्त चालायचो. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात; एकोणिसाव्या वर्षी आमच्या तालमीच्या संघातून मैदानात उतरलो तेव्हा स्टेडियम खच्चून भरलेलं होतं, त्यातले निम्मे माझ्या आईला नावानिशी ओळखणारे आणि उरलेले निम्मे तिचा नावानिशी उद्धार करणारे. त्या दिवशी मी दोन गोल केले. दुसऱ्या दिवसापासून मला चहा विकत मिळेना. कोणी पैसेच घेईना. बुद्धभूषण हे माझं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं आणि मी पेठेचा भूषण झालो. पेठेचा म्हणजे खरोखरच पेठेचा, जसा चौकातला हातपंप पेठेचा. चौऱ्याण्णव साली घोटा निखळला आणि शहाण्णव साली समोरच्या तालमीच्या बाळासोनं माझा डावा गुडघा मोडला, तेव्हा हे मला नीट कळलं. गुडघा माझा राहिला नव्हता. तो सार्वजनिक झाला होता.

आमच्याकडं खेळाडू दुखावला की त्याला डॉक्टरकडं नेतात, पण ते आपलं रीत म्हणून. खरं औषध घराघरांतून येतं, आणि ते नाकारणं म्हणजे त्या घराच्या चुलीला नावं ठेवणं. शेजारच्या धोंडुबाई डिंकाचे लाडू आणायच्या आणि मी दोन खाईपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. तालमीचे वस्ताद गणपतराव थंडाई घोटायचे. त्यात काय काय असतं हे ते कोणालाच सांगत नसत, कारण ते त्यांच्याही वस्तादांनी त्यांना पुरतं सांगितलं नव्हतं. कोडोलीचा हाडवैद्य अंड्याच्या पांढऱ्यात कसला तरी पाला कालवून गुडघ्याला बांधायचा आणि बटाटा वर्ज्य सांगायचा. कोणाकडून पायाचं सूप, कोणाकडून काढा, कोणाकडून अस्वलाची म्हणून सांगितलेली चरबी. आणि दर रविवारी सकाळी बाळासो यायचा. समोरच्या तालमीचा, माझा गुडघा मोडणारा तोच. हातात तेलाची बाटली. वस्तादांनी पहिल्यांदा त्याला दारातच अडवलं तेव्हा तो म्हणाला, "पाय मी मोडलाय, तेल बी मीच देणार. न्हाय म्हणू नकासा." वस्तादांनी दार सोडलं. मग तो खाली बसायचा आणि स्वतःच्या हातानं चोळायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी माझ्या डोळ्यांत.

अकरा पन्नास. मी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. बंगलोरची बाटली याहून मोठी होती. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात देशाच्या संघाच्या बंगलोरच्या सराव शिबिराला माझं नाव लागलं आणि तालमीत दोन दिवस हलगी वाजली. कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबनंही विचारलं होतं. शिबिर झालं की या, बोलू, असं. शिबिराच्या सातव्या दिवशी एका माणसानं माझ्या हातात बाटली दिली आणि तो समोरच उभा राहिला. मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा. तो म्हणाला, नियम आहे, बघावं लागतं. माझ्या आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक माझ्याकडं कोणी बघितलं नव्हतं, पेनल्टी मारतानासुद्धा नाही. दोन तास चाळीस मिनिटं लागली. मी सात बाटल्या पाणी प्यालो, तो दोन वेळा खुर्ची बदलून आला, शेवटी आम्हाला एकमेकांच्या मुलाबाळांची नावंसुद्धा माहीत झाली. मला मुलंबाळं नव्हती, म्हणून मी बाळासोच्या पोरांची सांगितली. आणि मग झालं. तेव्हापासून दारापलीकडं माणूस असला की मला तो खुर्चीवर बसलेला दिसतो.

शिबिर संपवून मी घरी आलो आणि तीन आठवड्यांनी तालमीच्या पत्त्यावर पत्र आलं. इंग्रजी होतं. त्यात एका औषधाचं नाव होतं, जे अर्ध्यापर्यंत वाचलं तरी दम लागायचा, आणि पुढं एक शब्द होता, तो मात्र सगळ्यांना कळला: पॉझिटिव्ह. त्या वर्षी पेठेत डोपिंग म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. परीक्षेत पॉझिटिव्ह आला म्हणजे पास झाला, असा साधा हिशेब. अख्ख्या शिबिरातून फक्त आपल्याच पोराच्यात सापडलं म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. तासाभरात चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहून झालं: 'आमचा लाडका डावखुरा बुद्धभूषण याची चाचणी पॉझिटिव्ह आल्याबद्दल समस्त मंगळवार पेठेतर्फे हार्दिक अभिनंदन.' खाली फुलांची नक्षी. तो फळा दीड दिवस राहिला. लोक मला पेढे भरवत होते आणि मी खात होतो, कारण मलाही नक्की काही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि पेढा तोंडात असेपर्यंत कळून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हायस्कूलचे एक सर आले, त्यांनी पत्र शांतपणे पुरतं वाचलं आणि फळा पुसायला घेतला.

मग तालमीत बैठक बसली. सरांनी समजावून सांगितलं की मुंबईत चौकशी समितीपुढं जायचं आहे, आणि हे औषध पोटात कसं गेलं, कोणी दिलं, हे दाखवता आलं, नकळत गेलं हे पटलं, तर बंदी थोड्या महिन्यांवर निभावेल. नाही दाखवता आलं तर दोन वर्षं. म्हणजे एका माणसानं उठून कबूल करायचं होतं. आमच्या पेठेत एका माणसानं काही करणं ही गोष्टच नाही. धोंडुबाई उठल्या, म्हणाल्या, लाडवामुळंच झालं असणार. वस्तादांना ते लागलं. लाडवात ताकद ती किती, झालं असेल तर थंडाईनं. कोडोलीच्या वैद्यानं निरोप पाठवला की दोष आपल्याच झाडपाल्याचा. बाळासो तर समोरच्या तालमीतून उठून आला आणि गुन्हा माझ्या नावावर लिवा म्हणून हटून बसला. कोणी मागं हटेना. सरांनी डोक्याला हात लावला आणि अकरा जणांच्या कबुलीच्या अकरा चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्या सगळ्या गोंधळात आई बायकांच्यातून उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "मी काय दिलं न्हाय. मी निस्ती भाकरी दिली." आणि बसली. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

मुंबईच्या त्या कार्यालयात काचेचं लांब टेबल होतं आणि त्यापलीकडं पाच जण. वस्ताद फेटा बांधून आले होते. त्यांनी पिशवीतून एकेक बरणी काढून टेबलावर मांडली, प्रत्येकीखाली तिची चिठ्ठी, अकरा बरण्या. बाळासोची तेलाची बाटली वाटेत पाझरली होती, ती नेमकी अध्यक्षांच्या फाइलवर ठेवली गेली. अध्यक्ष मायाळू माणूस होता. त्यानं मला विचारलं, यातलं तू नेमकं काय घेतलंस, नीट आठवून सांग. मला फक्त एकीवर बोट ठेवायचं होतं. मी वस्तादांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर, बोट थंडाईवरच येणार अशी खात्री होती. मला धोंडुबाई आठवल्या, दारात उभ्या. बाळासोचे अंगठे आठवले. आणि आणखी एक आठवलं, ते टेबलावर नव्हतं. मी म्हणालो, "सगळं." समितीनं निकालात लिहिलं की खेळाडू दोन वर्षं अकरा प्रकारचे अनोळखी पदार्थ नियमानं खात होता, असं त्याच्याच साक्षीदारांनी अभिमानानं सांगितलं आहे. दोन वर्षं बंदी. बरण्या तपासायला पाठवल्या, तेवढे लाडू जास्त होते म्हणून परत दिले. येताना रेल्वेत वस्तादांनी त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

महिन्यानं बरण्यांचा अहवाल आला. अकराच्या अकरा निर्दोष. पेठेला हायसं वाटायला हवं होतं, पण वस्ताद आठ दिवस तालमीत आले नाहीत. "कायच घावलं न्हाय?" ते म्हणत राहिले. "मग मी चाळीस वर्सं घोटतोय ते काय?" शेवटी सगळ्यांच्या संमतीनं ठरलं की दोष बंगलोरच्या सांबाराचा. ते अजून तसंच मानलं जातं. पेठेतली पोरं बाहेर खेळायला जाताना आजही त्यांना सांगतात, काय बी खा, सांबार खाऊ नका. कोलकात्याच्या क्लबचं पत्र पुन्हा आलं नाही. बंदी संपल्यावर मी उतरलो, वर्षभर बरा खेळलो, आणि मग एका साध्या सामन्यात थ्रो घ्यायला वळलो आणि गुडघा गेला. कोणी धक्कासुद्धा दिला नव्हता. त्यामुळे पेठेला शिव्या द्यायलाही कोणी मिळालं नाही, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त जड गेलं.

बारा वाजले. बाहेरून शिवलीलाबाईंनी विचारलं, पावणं, हायसा का गेलासा. मी म्हटलं, आहे. खरं तर मी तिथं नव्हतो. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात होतो, अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात, सकाळी. शिबिराला महिना उरलेला आणि गुडघा नारळाएवढा सुजलेला. त्या महिन्यात आई दोनदा नेसरीला जाऊन आली होती, तिच्या मामाच्या गावी, तिथं कोणाचं लग्न नव्हतं की कोणी वारलं नव्हतं. दाराच्या फटीतून मी बघितलं: ती पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होती, शेजारी नेसरीहून आणलेल्या वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या आणि वरवंट्याच्या कडेला पांढरी भुकटी लागली होती. ती बोटानं निपटून तिनं चटणीत घातली. मी मागं सरकलो, अंथरुणावर जाऊन बसलो, आणि थोड्या वेळानं मोठ्यानं खोकत परत आलो. चटणी-भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी सूज नव्हती. वर्षभरानं पहिल्यांदा मी जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग मला ते खाता आलं नसतं. आणि मला ते खायचं होतं. शिबिराला निघताना तिनं चटणीचा डबा दिला. तिथं पहिल्याच दिवशी काय खायचं नाही याची यादी वाचून दाखवली, आमच्या सह्या घेतल्या. सही करून मी जेवायला गेलो आणि डबा उघडला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. समितीपुढं गप्प बसलो ते आईला त्या पाच जणांसमोर बसवायचं नव्हतं म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. ते निम्मं खरं आहे.

निकालाचं पत्र आलं त्या दिवसापासून आई माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खाते. माझ्या कपातला पहिला घोट स्वतः घेते, मग कप पुढं सरकवते. एक शब्द बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही. नऊ वर्षं मी रोज उष्टा चहा पितोय. लग्न होऊन सोनम घरात आली तेव्हा तिला वाटलं ही आमच्यातली रीत असेल. पहिल्या आठवड्यात तिनंही माझ्या कपातून एक घोट घेतला आणि मान खाली घालून कप पुढं केला. घरात कोणी हसलं नाही.

आणि आज सकाळी कप काठोकाठ भरलेला होता. मेडिकलच्या गडबडीत मी तो पिऊन टाकला. हातावर बाटली आली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, आणि गुडघा दुखला तो त्यानं. आईनं आज घोट घेतला नव्हता. तिला ही नोकरी मिळायला हवी होती, माझ्याहून जास्त. गेले चार दिवस तिनं गुडघ्याचा विषय तीनदा काढला होता, उकिडवं बसवत्यात म्हणं. मंगळवारी ती दिवसभर घरात नव्हती; नेसरीला जाऊन यायला तेवढाच वेळ लागतो. आता बाटलीत माझं काय उतरेल हे मला माहीत नव्हतं, आणि शरीराला ते माहीत असावं, म्हणून ते काही सोडत नव्हतं. एकदा हसूही आलं. मग घाम आला. मी सुतळी सोडली आणि रिकामी बाटली खिशात घालून बाहेर आलो. बारा बारा.

आईशेजारी बाकावर बसलो. तिनं विचारलं, झालं का. मी नाही म्हणालो. भिंतीवर क्षयरोगाचं पोस्टर होतं, ते दोघांनी थोडा वेळ वाचलं.

"आई," मी म्हणालो, "सकाळचा च्या उष्टा केला न्हाईस."

तिनं पिशवीचे बंद सारखे केले. "चांगल्या कामाला निघालतास," ती म्हणाली. "उष्टा च्या कसा द्यायचा?"

मी खिशातली रिकामी बाटली काढून हातात धरली. तिनं बाटलीकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज काय न्हाय घातलं रं."

नऊ वर्षांपूर्वी भर बैठकीत उभं राहून सांगितलेलं 'मी काय दिलं न्हाय' हे वाक्य तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून मागं घेतलं.  मी म्हणालो, "मी बघितलंतं तवा. दारातनं."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "उगंच खोकत आलतास की."

मी उठलो आणि परत आत गेलो. सुतळी बांधायचं विसरलो, नळ सोडायचं विसरलो. दार अर्धं उघडं, बाहेर आई, खिडकीपाशी शिवलीलाबाई, व्हरांड्यात निम्मं कोल्हापूर. आणि मला आपोआप झालं, पहिल्या झटक्याला, रेघेच्या वर, झाकणाच्या आट्यांपर्यंत, आणि मग उरलेलं कितीतरी वेळ. खिडकीशी पोचलो तेव्हा बारा पंचवीस झाले होते. शिवलीलाबाईंनी बाटली उजेडाकडं धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अय्यो, पावणं, रेघंपतूर म्हटलंतं की. एवढं काय करू?"

माझ्या मागून आईनं खिडकीत मान घातली. बाईंना वाटलं तिला काही विचारायचं आहे, म्हणून त्या थांबल्या.

"निस्ता च्या हाय त्यात, बाई," आई म्हणाली. "नीट बघून घ्या."

बाई हसल्या, बाटलीवर माझ्या नावाची चिठ्ठी डकवली आणि ती इतर बाटल्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. आई खिडकीतून हलली नाही. बाईंनी खिडकीचं दार ओढून घेईपर्यंत ती त्या रांगेकडं बघत राहिली.